शासकीय संस्थांतील करमणूक : खर्च कोणी करायचा?

बालगृहात, मनोरुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या करमणुकीचा खर्च सरकारने करायचा की देणगीदाराने, याविषयीचा तोच गोंधळ निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पत्रांतून वारंवार येतो, म्हणून ही उत्तरे.

आमच्या मंडळाने बालगृहाला कॅरम आणि चेंडू दिले तर चालतील का? (खानापूर)

चालतील, मात्र आधी अधीक्षकांना भेटून गरज विचारा आणि वस्तूंची साठा नोंदवहीत नोंद करून पोच घ्या.

विक्रेता म्हणतो, संस्थेला मोठा टीव्ही दिला की सगळ्या रकमेवर आयकर सवलत मिळते. (निपाणी)

हे खोटे आहे. देणगीवरील आयकर सवलत (1961 च्या आयकर कायद्यात कलम 80जी) वस्तुरूप देणगीला मिळत नाही आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीलाही मिळत नाही. माल खपवणाऱ्याकडून कायदा शिकू नये. सनदी लेखापालांना विचारावे.

माझा भाऊ सरकारी मनोरुग्णालयात दिवसभर नुसता बसून असतो. विचारले की ‘देणगीदार मिळाला की पाहू’ असे सांगतात. (बेळगाव)

या उत्तराची मला सर्वांत अधिक चीड आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 20 नुसार विरंगुळा आणि करमणुकीच्या वाजवी सोयी हा रुग्णाचा हक्क आहे, आणि हक्क देणगीदाराची वाट पाहत थांबत नाही. बालगृहांसाठी बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 53 मध्ये खेळ व सांस्कृतिक उपक्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातही वृद्धाश्रमातील करमणुकीच्या साधनांचा विचार केलेला आहे. तरीही वर्षभर कोणी हलत नाही, आणि 31 मार्चपूर्वी निधी संपवायचा म्हणून एखादा टीव्ही घेतला जातो, तो कुलुपात राहतो. खरा खर्च दर महिन्याचा असतो : फाटलेल्या चेंडूंचा, पेटीच्या दुरुस्तीचा, आठवड्यातून दोनदा येऊन भजन किंवा चित्रकला शिकवणाऱ्याच्या मानधनाचा, आणि ज्यांना कन्नड वाचता येत नाही अशा आपल्या माणसांसाठी एका मराठी दैनिकाचा. ही रक्कम अंदाजपत्रकात मागितलीच नाही, तर ती मंजूर कशी होणार? आपण मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 28 प्रमाणे प्रथम प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. समाधान झाले नाही, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा. भावाला कोणते उपक्रम झेपतील हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला घ्या; तोंडी आश्वासनावर आणखी महिने घालवू नका.

मुलीचा वाढदिवस बालगृहात साजरा करून छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकावीत का? (चिकोडी)

तेथील मुलांची छायाचित्रे टाकू नका. त्यांची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कार्यक्रमाबाबतही आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला.