जुन्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन खाली घेण्याआधी

तुमची गाडी मागच्या चाकांना ताकद देणारी, पुढे डबल विशबोन (चाकाला धरणाऱ्या वरखाली दोन भुजा) आणि कॉइल स्प्रिंग असलेली आहे. तिचे नाक ५० मिलिमीटर खाली घ्यायचे आहे, त्यासाठी स्प्रिंगचा दीड वेढा कापावा असे कोणी सुचवले आहे, आणि त्याने गाडी कडक होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. होईल, पण त्याचे मुख्य कारण स्प्रिंगचा वाढलेला ताठरपणा हे नाही.

वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, हे खरे आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या ८ वेढ्यांपैकी १ कापला, तर ताठरपणा ८ भागिले ७ या प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. गाडीच्या वरखाली हेलकाव्यांची गती मात्र ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्यामुळे ती ७ टक्क्यांच्या आसपासच वाढते, आणि एवढा फरक सीटवर फारसा जाणवत नाही. खरे नुकसान होते ते चाकाला वर जाण्यासाठी उरलेल्या जागेचे. मूळ उंचीवर बंप स्टॉपला, म्हणजे चाकाची वर जाण्याची हालचाल थांबवणाऱ्या रबराला, टेकण्याआधी चाक ८० मिलिमीटर वर जाऊ शकत असेल, तर गाडी ५० ने खाली घेतल्यावर ३० च उरतात, आणि एरवी स्प्रिंगने निमूटपणे पेललेला खड्डा रबरावर आदळू लागतो. ताठ स्प्रिंग घालून हे भरून काढता येत नाही, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते: शॉक अॅब्सॉर्बरचा वाटा बाजूला ठेवला, तर तोच धक्का निम्म्या अंतरात पेलायला चौपट ताठ स्प्रिंग लागेल. टॉर्शन बार (कॉइलऐवजी पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असलेल्या जुन्या गाड्यांत हे स्पष्ट दिसते. तिथे बार फिरवून उंची कमी केली तरी त्याचा ताठरपणा बदलत नाही, आणि तरीही फार खाली घेतलेली अशी गाडी खड्ड्यात दणकते.

दीड वेढ्याचा सल्ला मला म्हणूनच धोकादायक वाटतो. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना लागोपाठच्या दोन वेढ्यांमधले अंतर, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, मोजून पाहा. ते २५ मिलिमीटर असेल, तर दीड वेढ्याने स्प्रिंगची जागा सुमारे ३७ ने खाली येईल. पण स्प्रिंग विशबोनवर चाकापासून बरीच आत बसलेली असते, आणि चाक तिच्या दुप्पट हलत असेल तर गाडी ७५ ने खाली येईल. वरच्या उदाहरणातल्या ८० पैकी मग ५ उरतात. अशा गाडीला स्प्रिंग आहे म्हणणेही कठीण.

काहीही कापण्याआधी, चालक बसलेला असताना बंप स्टॉप आणि तो जिथे टेकतो ती जागा यांतले अंतर मोजा, आणि त्याला चाकाच्या हालचालीचे गुणोत्तर लावा, म्हणजे स्टॉपच्या जागेपेक्षा चाक जितके पट जास्त हलते तितक्याने गुणा. त्यानंतर बंप स्टॉपवर प्लास्टिसिनचा छोटा गोळा चिकटवून नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवा. गोळा आत्ताच चेपला जात असेल, तर खाली जायला जागाच नाही. जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगा वयाने बसलेल्या असतात, त्यामुळे माहितीपुस्तिकेतल्या उंचीशी तुलना केल्यास तुम्हाला हवी असलेली काही घट आधीच झालेली आढळू शकते. बंप स्टॉपचे रबर भुगा झालेले असेल तर ते आधी बदला. जागा मिळावी म्हणून ते छाटू नका, कारण मग टायर मडगार्डला लागतो किंवा शॉक अॅब्सॉर्बर आतून तळाला आपटतो.

तुमच्या मॉडेलसाठी चाकाचा स्टब अॅक्सल (चाक ज्यावर फिरते तो छोटा आस) वरच्या बाजूला सरकवलेले स्पिंडल मिळत असतील, तर मी तोच मार्ग घेईन. स्प्रिंग, विशबोनचे कोन आणि बंप स्टॉपपर्यंतचे अंतर सगळे जसेच्या तसे राहते; फक्त मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा तपासावी लागते. ते मिळत नसतील, तर त्या गाडीसाठी बनवलेल्या तयार स्प्रिंगा घेऊन २५ मिलिमीटरवर थांबा. कापायचेच असेल, तर टोक जिथे बसते त्या पेल्याचा आकार पाहा. आत वळवलेले टोक कापले की स्प्रिंग नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग दबवून बुटकी करणे तर पूर्णपणे टाळा, कारण त्याने पोलादाचे पाणी उतरते.

फक्त नाक खाली गेल्याचे इतर परिणामही आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २५०० मिलिमीटर असेल, तर ५० ने गाडी एका अंशाहून थोडी जास्त पुढे कलते. तेवढाच कॅस्टर (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल) कमी होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ घटते, आणि हेडलाइटचा झोतही तितकाच खाली जातो. शिवाय पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा मऊ ठेवली की गाडी पुढेमागे कमी डोलते, हे अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिले होते. केवळ पुढची बाजू ताठ केली की हा मेळ बिघडतो.

जोडणी करताना विशबोनच्या सांध्यातल्या रबरी बुशांचे बोल्ट चाके हवेत असताना आवळू नका. हे रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेले असते, त्यामुळे लटकत्या स्थितीत आवळल्यास गाडी खाली ठेवताच ते पिळले जाते, सस्पेन्शन विनाकारण ताठ होते आणि बुश लवकर फाटतात. गाडी नव्या उंचीवर उभी करून बोल्ट सैल करा, पुढची बाजू दोनचार वेळा दाबून सोडा आणि मग आवळा. अलाइनमेंट त्यानंतर करावी, आणि तिथे टो (चाकांची तोंडे आत की बाहेर वळलेली आहेत) याबरोबर कॅम्बर (चाकाचा उभा कल) व कॅस्टरही तपासून घ्यावा. शॉक अॅब्सॉर्बर जुने असतील तर ते याच वेळी बदला, कारण ताठ झालेली स्प्रिंग उसळून वर येताना तिला आवरण्याचे काम त्यांचेच असते.