बाटलीवरचा हिरो आणि पाचवीतला फलंदाज

“मॅडम, बाटली दिली नाही तर हा मैदानावर जातच नाही. वर मलाच विचारतो, ‘पाणी पिऊन कोण सिक्स मारतंय?’ काय करू ओ याचं?”

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की ही तक्रार वेगवेगळ्या घरांतून येते. इथला मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) उन्हाळी शिबिरात रोज दीड तास क्रिकेट, आणि आवडता फलंदाज जाहिरातीत पितो म्हणून रोज स्पोर्ट्स ड्रिंकची 500 मिलीची एक बाटली.

घरचे दोन उपाय फसले होते. वडिलांनी बाटली बंद केली, तर पोरगा मित्राच्या बाटलीतून प्यायला लागला. मग आई म्हणाली, “तो फलंदाज पैशासाठी खोटं बोलतो.” त्यावर दोन दिवस अबोला. फसणारच होतं ते. जाहिरात माल खपवण्यासाठी असते हे सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना नीट उमगत नाही. दहाव्या वर्षी कळतं, पण लाडका खेळाडू पडद्यावर आला की ते आठवत नाही. शिवाय तो फलंदाज म्हणजे या मुलाचं ‘मोठेपणीचं मी’. त्याला खोटारडं ठरवलं की घाव मुलाच्या स्वप्नावर बसतो. म्हणून आईला पहिली सूचना दिली: ताई, खेळाडूबद्दल एकही वाकडा शब्द नको. भांडण फक्त बाटलीशी.

पुढच्या भेटीला रिकामी बाटली, साखरेचा डबा आणि चहाचा चमचा मागवला. लेबल मुलाने वाचायचं, मोठ्यांनी गप्प बसायचं. लेबल वाचताना चूक हमखास एकाच ठिकाणी होते: आकडा 100 मिलीचा असतो आणि आपण तो अख्ख्या बाटलीचा समजतो. अशा पेयांत साधारणपणे 100 मिलीमागे 6 ग्रॅम साखर असते, म्हणजे बाटलीत 30 ग्रॅम. सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम मावते. मुलाने वाटीत साडेसात चमचे मोजले आणि वाटीकडे बघत राहिला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा 25 ग्रॅमच्या आत ठेवली आहे, हे त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो उपदेश झाला असता.

हे पेय मुळात वाईट नाही, हेही मुलाला सांगावं लागतं. नाहीतर पुढचं सगळं त्याला खोटं वाटतं. 1965 साली फ्लोरिडा विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी असं पेय तयार झालं. उकाड्यात तासन्‌तास घाम गाळणाऱ्यांची ती गरज होती. शिबिरातल्या दीड तासाला, मधल्या विश्रांतीसह, पाणी पुरतं.

पटवायला वजनकाटा कामी आला. सरावाआधी 31.2 किलो, नंतर 30.9, मधे 400 मिली पाणी प्यायलं. म्हणजे घाम सुमारे 700 मिली. काट्यावर उभं राहताना घामाने भिजलेला टी-शर्ट काढायचा, नाहीतर घट कमी दिसते. 9 ते 12 वर्षांच्या मुलांना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिली पाणी लागतं. याने दीड तासात एकदाच प्यायलं होतं. “म्हणून शेवटी माझे पाय जड होतात?” हा प्रश्न त्याचाच.

कडक उन्हात किंवा दिवसभराच्या सामन्यांना घरचं सरबत पुरे: एक लिटर पाणी, दोन लिंबं, चार चमचे साखर, पाव चमचा मीठ. ‘ताकद येईल’ म्हणून मीठ वाढवू नका, मळमळतं. साखर वाढवली तर पोटात जड बसतं. सरावानंतर घरी ताक उत्तम. चक्कर, उलटी, बरळणं दिसलं तर मात्र सरबत बाजूला ठेवा. मुलाला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

एनर्जी ड्रिंकचा कॅन ही वेगळीच गोष्ट. त्यात कॅफीन असतं आणि डब्यावरच ‘मुलांसाठी नाही’ असा इशारा छापावा लागतो. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या मालाच्या जाहिरातीला कायद्याने आरोग्याचा इशारा द्यावा लागतो, त्याच्या मुलांसाठीच्या जाहिरातीत खेळाडू, गायक, सिनेकलाकार चालत नाहीत. साखरेच्या साध्या पेयाला असा इशाराच नाही, त्यामुळे फलंदाज तिथे निर्धास्त. माझ्या मते ही मोठी फट आहे, आणि तिचा भार आयांवर पडतो.

खरी गाठ शिबिरात होती. ‘बेस्ट कॅच’चं बक्षीस म्हणून तिथे तीच बाटली मिळायची! आईने सरांना एकटं गाठून, तक्रारीच्या सुरात न बोलता दोनच गोष्टी मागितल्या: 20 मिनिटांनी सगळ्यांना पाण्याची सुट्टी आणि बक्षीस म्हणून बॅटची ग्रिप. सर लगेच तयार झाले.

मुलाला बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंदबद्दल सांगितलं: 2001 साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर त्यांनी कोलाची जाहिरात नाकारली. “मग त्यांचे पैसे गेले की!” एवढंच तो म्हणाला. तेही पुष्कळ झालं.

आता त्याच्याकडे स्टीलची बाटली आहे आणि तिच्यावर लाडक्या फलंदाजाचा जर्सी क्रमांक त्याने स्वतः रंगवला आहे. रंगीत बाटली महिन्यातून एकदा, सामन्याच्या दिवशी. ती तारीख तोच ठरवतो.