परदेशात जन्मलेल्या बाळाचं भारतीय नागरिकत्व : पहिला वाढदिवस व्हायच्या आत नोंदणी कराच

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगी ब्रिटनमध्ये, लीड्सला झाली, आता दहा महिन्यांची आहे. तुम्ही दोघंही भारतीय पासपोर्टवाले, वर्क व्हिसावर. आईबाप भारतीय म्हटल्यावर लेक भारतीयच, तेव्हा दिवाळीत गावी गेलो की नगरपालिकेत नोंद करून टाकू, असा तुमचा विचार आहे. आणि कुणीतरी सुचवलंय, की पुढच्या वर्षी मिस्टरांना आयएलआर (ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा हक्क) मिळेल, तेव्हा एकदम ब्रिटिशच करून घ्या, मधली यातायात कशाला.

सरळ उत्तर देतो. मुलगी आपोआप भारतीय झालेली नाही. तिच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत झाली, की ती भारतीय. ती नोंद सरळ मार्गानं करायला कायद्यानं जन्मापासून एक वर्ष दिलंय आणि त्यातले तुमचे दोन महिने उरलेत. दिवाळीचं नंतर बघा, आधी हे हातात घ्या.

‘आपोआप’ची समजूत कुठून येते तेही सांगतो, कारण घरातली मोठी माणसं ती ठामपणे सांगतात आणि त्यांच्या काळापुरती ती बरोबरही होती. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ वंशानं मिळणाऱ्या नागरिकत्वाचं आहे. आधी त्यात फक्त वडील भारतीय असणं धरलं जायचं. १० डिसेंबर १९९२पासून आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही भारतीय असलं तरी चालू लागलं. पण ३ डिसेंबर २००४पासून पुढे परदेशात जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी अट आली: जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवायचा आणि मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. तुमच्या मावससासूबाईंची मुलं मस्कतला झाली तेव्हा असं काही करावं लागलं नव्हतं, हे खरंच असेल. त्यांचा काळ वेगळा, कायदा वेगळा.

दुसरी बाजूही बघा. १ जानेवारी १९८३पासून ब्रिटनमध्ये नुसता जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश तरी हवेत, नाहीतर तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेले तरी. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही. म्हणजे कागदावर आज ती ब्रिटिशही नाही आणि भारतीयही नाही. हे वाचून पोटात गोळा येईल, पण घाबरू नका, दोन महिन्यांत हे सहज होण्यासारखं आहे.

गोंधळ होतो तो तीन कागदांचा. पहिला स्थानिक जन्मदाखला, जो तुम्ही ४२ दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे जाऊन घेतला असणार. त्यावरून ती कुठे, कधी, कुणाच्या पोटी जन्मली एवढंच कळतं. दुसरा, वकिलातीत कलम ४खाली झालेली जन्मनोंदणी. नागरिकत्व यातून येतं. तिसरा पासपोर्ट. बहुतेक ठिकाणी नोंदणीचा आणि पासपोर्टचा अर्ज जोडीनं घेतात, त्यामुळे लोकांना ते एकच काम वाटतं आणि पासपोर्ट हातात आला की बाकीचं विसरलं जातं. नोंदणीचा कागद मागून घ्या, नीट वाचा आणि मूळ दाखल्याइतकाच जपून ठेवा. पासपोर्ट दर पाच वर्षांनी बदलेल, हा कागद आयुष्यभर लागेल.

आता नगरपालिका. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम २० आहे. परदेशात जन्मलेलं मूल कायमचं राहायला भारतात आलं आणि त्याची नोंद वकिलातीत झालेली नसेल, तर आल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो. पण ती जन्माची नोंद आहे, नागरिकत्वाची नाही. तो दाखला बघून शाळा प्रवेश देईल, पासपोर्ट कचेरी मात्र वकिलातीतल्या नोंदीबद्दल विचारणारच. ‘ओळखीचे डॉक्टर आहेत, बाळ इथेच झालं असं लिहून देतील’ असा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाशी बोलणं तिथेच थांबवा. तिचा खरा जन्म लीड्सच्या नोंदवहीत आहे, आणि त्या एका खोट्या कागदाचं ओझं पुढे ती वाहील, तुम्ही नाही. शिवाय पासपोर्टशिवाय तिला विमानात घेणार कोण? दिवाळीला गावी जायचं असलं तरी सुरुवात वकिलातीपासूनच आहे.

आयएलआरची वाट बघण्याबद्दल. आईवडिलांपैकी एकाला आयएलआर मिळालं, की तिथे जन्मलेल्या अठराच्या आतल्या मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. तो मार्ग खरा आहे. पण आज तिची भारतीय नोंदणी केल्यानं तो बंद होत नाही. उलट आज नाही केली आणि आयएलआर लांबलं, नोकरी बदलली, नियम बदलले, तर लेक अधांतरी राहते आणि इकडे वर्ष उलटून जातं. पुढे ती ब्रिटिश झालीच, तर भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) काढायचं. फक्त तेव्हा हे पक्कं ध्यानात ठेवा की ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमीन असलेल्या घरात हा विषय आधी बोलून घ्यावा.

अमेरिकेतल्या भावंडांची उदाहरणं इथे लावू नका. तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच अमेरिकन असतं, बहुतेक घरं त्याचा अमेरिकन पासपोर्ट आणि मग ओसीआय काढतात. आखातात प्रश्नच वेगळा, तिथलं नागरिकत्व मिळतच नाही आणि बाळाच्या रेसिडेन्सीची मुदत मागे लागलेली असते (अमिरातीत १२० दिवस), त्यामुळे तिकडची मंडळी वेळेत नोंदणी करून मोकळी होतात. वेळ काढला जातो तो ब्रिटनसारख्या ठिकाणी. कारण तिथे जन्मलेलं बाळ तिथेच राहतंय तोवर त्याला व्हिसा नसला तरी कुणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं असाच वेळ जाऊ दिला. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर अर्ज केला. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन भरून, छापील प्रत वकिलातीत देऊन, फाइल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते आणि उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं. नाही म्हणतात असं नाही, पण किती दिवस लागतील ते आपल्या हातात राहत नाही. मधेच सांगलीला आजी आजारी पडल्या. मुलाला नेता येईना, म्हणून आई एकटी गेली आणि बाप लेकराला घेऊन तिकडेच थांबला. आजींनी नातवाला फोनवरच पाहिलं. मी लोकांच्या मागे लागतो ते याच्यासाठी.

आता तुमच्या कामाचं. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, पूर्ण नमुन्यातला हवा. छोट्या दाखल्यावर ती नसतात. तुमच्याकडे छोटाच असेल तर आजच पूर्ण प्रत मागवा. दाखल्यावर अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागतं का, अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा, फी किती, हे तुमचा पत्ता ज्या कचेरीच्या हद्दीत येतो तिच्याच संकेतस्थळावर बघा. लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा होतीच, २०२५मध्ये मँचेस्टर आणि बेलफास्टलाही कॉन्सुलेट सुरू झालं, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. दोघांच्या सह्या लागतात. बाळाच्या अंगठ्याचा ठसा पोट भरून झोपलेली असताना घ्या. जागेपणी ती मूठ उघडत नाही आणि शाई फॉर्मभर होते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावांवर. आपल्याकडे बाईचं नाव लग्नाआधी वडिलांसह, लग्नानंतर नवऱ्यासह. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही, तिकडच्या जन्मदाखल्यावर तिसरंच, असं झालं असेल तर सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवा. ‘देशपांडे’मधला एक जास्तीचा ए सुद्धा अर्ज परत पाठवतो. फरक निघाला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र चालतं का, ते आधी विचारून घ्या.

मुलीचं नावही बघा. माझ्या भाचीच्या जन्मदाखल्यावर नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं गेलं, वडिलांचं नाव मधे आलंच नाही. त्यात चूक काहीच नाही, पासपोर्टही तसाच झाला. मात्र तुम्हाला मधलं नाव हवं असेल तर ते जन्मदाखल्यातच असायला हवं, पासपोर्टच्या फॉर्मवर परस्पर घालता येत नाही. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आणलंय. तुम्ही पुढेमागे परत यायचं म्हणत असाल, तर शाळेच्या दाखल्यावर हा विषय निघेल. तेव्हा पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरा.

मिस्टरांचा जन्म कुवेतचा, त्यानं काही बिघडेल का, असंही तुम्ही विचारलंय. त्यांचे वडील भारतीय होते, ते स्वतः भारतीय आहेत. लेकीची नोंद वर्षाच्या आत झाली तर त्यांचा जन्म कुठला हे आड येत नाही. वर्ष चुकवू नका म्हणण्याला हे आणखी एक कारण.

आणि पासपोर्ट आला की लगेच तिकीट काढू नका. तिचा डिपेंडंट व्हिसा (आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला) तिथे असतानाच करून घ्या, नाहीतर परत येताना तिला अडवतील.

विवाहाचा दाखला ग्रामपंचायतीचा आहे म्हणालात. तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि मूळ प्रत सासऱ्यांच्या कपाटात असेल तर कुरिअरला लागणारे दिवसही धरा. आज रात्रीच त्यांना फोन करा.