चर्चमधल्या प्रौढांच्या धर्मशिक्षण वर्गात काय शिकवतात? गेलं की बाप्तिस्मा घ्यावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही हिंदू, होणारी बायको वसईची कॅथलिक. लग्नाचं बोलायला गेलात तेव्हा फादर म्हणाले, "वाटलं तर रविवारी प्रौढांच्या वर्गाला येऊन बसा." आता घरच्यांना धास्ती, की एकदा वहीत नाव लागलं म्हणजे बाप्तिस्मा ठरलाच.

तसं काही नसतं. मी वसईतल्याच एका धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात) या वर्गांना मदत करतो, म्हणून आतलं सांगू शकतो. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करू.

चर्चमध्ये लग्न लागायला धर्म बदलावा लागत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी कॅथलिक व्यक्तीचं लग्न लावायचं तर वरून सूट घ्यावी लागते, आणि तो अर्ज फादरच बिशप हाऊसला, म्हणजे इथल्या चर्चच्या प्रमुखाच्या कार्यालयाला, पाठवतात. त्यासाठी तुमच्या होणाऱ्या बायकोला वचन द्यावं लागतं की ती आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल तेवढं करेल. हे वचन ती देते, तुम्ही नाही. पण तिनं काय कबूल केलंय हे तुम्हाला आधी सांगितलं जातं. माझं ऐका, मुलांचा विषय लग्नाआधीच दोघांनी बसून मोकळेपणानं बोलून घ्या. पाळणा हलल्यावर तो काढलात तर दोन्हीकडच्या आज्या मैदानात उतरतात. याशिवाय लग्नाळू जोडप्यांसाठी तयारीचा कोर्स असतो, तो दोघांनी करायचा. तोही वेगळा.

फादर ज्या वर्गाबद्दल बोलले तो ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायला येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असतो. पहिल्या काही शतकांत चर्चमध्ये ही पद्धत होती. बाप्तिस्म्याआधी माणूस बराच काळ शिकायचा, आणि मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) प्रवचन झालं की त्याला बाहेर पाठवायचे. पुढे बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होऊ लागला आणि ही पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५ मध्ये रोममध्ये भरलेली जगभरच्या बिशपांची सभा) ती परत आणायला सांगितलं, आणि १९७२ मध्ये तिचा नवा विधी रोममधून प्रसिद्ध झाला. सुरुवातीला फक्त चौकशीचा काळ असतो. ज्यांना पुढे जायचंय ते तसं सगळ्यांसमोर सांगतात आणि मग रीतसर शिक्षण सुरू होतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी आणि ईस्टरच्या जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर). त्यानंतरही काही आठवडे भेटी चालू राहतात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर "मी थांबतो" म्हणता येतं. चर्चचा कायदाच सांगतो की श्रद्धा स्वीकारायला कुणावर जबरदस्ती करता येत नाही.

शिकवायचा मजकूर ठरलेला असतो: विश्वास कशावर, सात संस्कार, दहा आज्ञा, प्रार्थना. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भागही हेच. पण वर्ग पुस्तकाबरहुकूम चालतोच असं नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट घ्या. येशू विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आमच्याकडे हे वाचलं तेव्हा एक काका थेट महाडच्या चवदार तळ्यावर आले. मग कुणाच्या आजोळी कुठली विहीर कुणाला बंद होती, हे निघालं. त्या दिवशीचा धडा राहिलाच, आणि फादरांनीही तो पुढे रेटला नाही.

अवघड प्रश्नही येतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे: घरी गणपती बसतो, मी आरतीला उभं राहायचं का? नुसतं ऐकायला येणाऱ्याला कुणी काही सोडायला सांगत नाही. बाप्तिस्मा घ्यायचं मनाशी ठरू लागलं की मात्र हा प्रश्न खरा होतो आणि त्याचं गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. शिकवणारा तो टाळत असेल, तर वर्गानंतर फादरांना एकटं गाठून विचारा.

जाताजाता, मराठीत हे काम चारशे वर्षं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. ते ओवीबद्ध आहे आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांसाठीच लिहिलेलं. त्यातही श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतात.

वर्गात सगळे तुमच्यासारखे बाहेरचे नसतात. दृढीकरण राहून गेलेले, लहानपणी पाठ केलेलं विसरलेले, आपल्या मुलाच्या प्रश्नांनी हैराण झालेले कॅथलिकही असतात. वसईत वर्ग मराठीत मिळेल, मुंबईत बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतो, तेवढं विचारून घ्या.

पहिल्याच भेटीत फादरांना सरळ सांगा: "मी लग्न ठरलंय म्हणून आलोय, बाप्तिस्म्याचं काही डोक्यात नाही." त्यांना राग येणार नाही. उलट सासरच्यांना बरं वाटावं म्हणून बाप्तिस्मा मागणाऱ्याला चांगले फादर थांबायला सांगतात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. पुढे कधी खरंच मनात आलं, तर धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्या वेळी वकिलाचा सल्ला घ्या.

आणि घरच्यांची धास्ती जात नसेल, तर एखाद्या रविवारी आईवडिलांनाही घेऊन या. फादरांना आधी कळवलंत की झालं, मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणाची हरकत नसते.