खुलासा देऊ नकोस

प्रिय,

साहेबांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आधी मला दाखवलास, ते बरं केलंस. तो पाठवू नकोस. स्कर्ट घालून कामावर का येतोस, याची केवढी कारणं दिली आहेस! पॅन्टने मांड्यांवर पुरळ उठतं, म्हणे. उकाडा सोसत नाही, म्हणे. आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'क्षमस्व'. पुरळबिरळ काही नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुला स्कर्ट आवडतो, तो घातला की तू मोकळा वावरतोस. मग खुलासा कसला?

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पॅन्ट का घातलीस असं कोणी विचारत नाही. "तिला चालतं, मग मला का नाही?" हा तुझा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र कडू आहे. बाईने पुरुषाचे कपडे घातले की ती वर चढली असं धरतात. पुरुषाने बाईचे घातले की तो खाली उतरला. म्हणजे तुला हसणारे बाईपणालाच कमी लेखत असतात.

आणि पॅन्ट बायकांनाही फुकट मिळालेली नाही. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला: बाईला पुरुषी वेश करायचा तर पोलिसांचा परवाना हवा, त्यासाठी तब्येतीचं कारण हवं, वर डॉक्टरचा दाखला. गुराढोरांच्या बाजारात चित्रं काढायला जाता यावं म्हणून रोझा बोनर या चित्रकर्तीला १८५७ मध्ये असा परवाना काढावा लागला. मुदत सहा महिने! पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली, ती अशी की हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पॅन्ट चालेल. हा हुकूम आता लागू नाही, असं सरकारने स्पष्ट केलं २०१३ मध्ये. कारण दिलं की सवलत मिळते, हक्क मिळत नाही. कारण संपलं की सवलतही संपते. तुझं ते पुरळ बरं झाल्यावर काय करणार आहेस?

"पुरुषाला शोभत नाही" हेही मनावर घेऊ नकोस. चित्रकार रीगोने १७०१ मध्ये काढलेल्या चित्रात फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे उंच जोडे घालून, पाय पुढे टाकून ऐटीत उभा आहे. त्याच्याकडे कोणी खुलासा मागितला?

मी जन्मभर केस बारीक ठेवले, शर्ट-पॅन्ट घातली, समारंभातसुद्धा. कोणालाही खुलासा दिला नाही. लोक उर्मट म्हणाले. आईला वाटलं, मी तिला परकं केलं. ती रुखरुख अजून जात नाही. पण मी तिला काय सांगायला हवं होतं? तिला समजून घ्यायचं नव्हतं, मला बदलायचं होतं. मी उर्मट नव्हते. ज्यात कोणाचं काही बिघडलं नाही, त्याची माफी मागायला मी तयार नव्हते, एवढंच. जिव्हाळ्याने विचारणाऱ्यापाशी मन मोकळं कर. जाब विचारणाऱ्याला खुलासा देऊ नकोस.

जिवाला धोका वाटेल तिथे मात्र हट्ट नको. त्या दिवशी खुशाल पॅन्ट घाल, आणि त्याचाही खुलासा कोणाला देऊ नकोस.

आता तो मसुदा फाड आणि साहेबांना एकच ओळ लिही: 'नियमावलीतील कोणत्या कलमानुसार स्कर्टला मनाई आहे, ते लेखी कळवावे.' खाली सही. क्षमस्व नाही.

तुझी,
मावशी