ताटावरचा हिशेब

सप्रेम नमस्कार,

मुलगा कोल्हापुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्षं डेव्हलपर आहे, साहेब म्हणतात ‘काम चोख, पण स्लो’, आणि पुण्यातला मावसभाऊ पगारात पुढे गेला. म्हणून त्याला एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला, बसवू का, असं तुम्ही विचारलंय.

मी अडलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर. रोज रात्री जेवताना ‘आज किती कोड लिहिलास?’ असं तुम्ही विचारता, आणि हल्ली तो ताट घेऊन खोलीत जातो. तुम्ही हे सहज लिहून गेलात. मला मात्र ते वाचून वाईट वाटलं. कमावत्या पोराला बापासमोर बसून दोन घास खाता येत नसतील, तर वेगाचं नंतर बघू. दिवसभर ऑफिसात साहेब, रात्री घरात तुम्ही. त्या मावसभावाचं नाव तर आजपासून घरात काढूच नका.

तुमचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. नवा जॉब लावल्यावर पहिला पीस गेजला लावून बघितल्याशिवाय तुम्ही पुढचा लॉट काढता का? कोड नीट चालतो का हे तपासायला प्रोग्रामर टेस्ट लिहितात, ते म्हणजे तेच. जास्त ओळी म्हणजे जास्त काम, हा समज डोक्यातून काढा. कोड लिहून होतो एकदा, पण पुढे वर्षानुवर्षं कुणीतरी तो वाचत, दुरुस्त करत असतं. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२ साली घाईच्या कोडला कर्जाची उपमा दिली: काम लवकर उरकतं, पण फेडलं नाही तर व्याज चढत जातं. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत नवा प्रोग्राम चढवताना आठांतला एक सर्व्हर राहून गेला. त्यावरचा जुना कोड चालू झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले.

साहेबांचंही अगदीच चूक नसेल. चोख काम करणाऱ्यांना एकच फंक्शन, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा, घासत बसायची खोड असते. पैशांचा हिशेब करणारा कोड जरूर घासावा, दोन दिवसांच्या डेमोसाठी जीव काढू नये. अर्धा तास अडलं की सीनियरला विचारावं आणि काम तुकडे पाडून रोज थोडं दाखवावं. काम डोळ्यांना दिसलं नाही, तरी साहेब लोक ‘स्लो’ म्हणतात.

एमसीए सीईटी देऊन दोन वर्षांत होतं, शिवाजी विद्यापीठातही आहे. वेग वाढावा म्हणून मात्र ते करू नये.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. साहेबांच्या मते नेमकं कुठलं काम लांबलं आणि त्यात तास कशात गेले, एवढं कळवलं तरी पुरे. उत्तर मी त्यालाच देईन.