पॅकेजचा आकडा आणि फीची बेरीज

प्रश्न : मुलीला नवी मुंबईच्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळतंय, फी वर्षाला 2 लाख. कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) इलेक्ट्रॉनिक्स मिळेल. माटुंग्याला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सही आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न 6 लाख. कर्ज काढून कॉम्प्युटर घ्यावं का? – एक पालक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या बाबतीत खरा फरक शाखेचा नाही, प्रवेश कोणत्या दाराने होतो याचा आहे. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून असेल तरच. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काहीच लागू नाही.

आता कर्ज. दरवर्षी 2 लाख उचलले आणि व्याज 10 टक्के धरलं, तर चार वर्षं शिक्षण अधिक एक वर्ष सवलतीच्या (हप्ता नसलेल्या) काळात सरळव्याजानेच 2.8 लाख चढतात. मुद्दल 8 लाख धरून 10.8 लाखांचा सात वर्षांचा हप्ता येतो सुमारे 17,900 रुपये. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये हातात महिना 25 हजारांच्या आसपास पडतात. उरलं काय? शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात.

कॉलेजच्या फलकावरचं 'हायेस्ट पॅकेज' विसरा, ते एकाच मुलाचं असतं. एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) दिलेली माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर शोधा. त्यात वेळेत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि मध्यम पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) हे चार आकडे असतात. मध्यम पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. समजा 200 पास झाले, 110 लागले, 20 पुढे शिकायला गेले. मग राहिलेल्या 70 जणांचं काय, हे विचाराच. हे आकडे सगळ्या शाखांचे एकत्र असतात, म्हणून शाखावार यादी प्लेसमेंट ऑफिसकडून लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

स्टॅटिस्टिक्सची फी अनुदानित तुकडीत काही हजारच. त्याच इमारतीतल्या विनाअनुदानित कोर्सची कित्येक पट असते, तुकडी तपासून घ्या. मात्र चांगला पगार बहुधा एम.एस्सी.नंतर, म्हणजे पाच वर्षं धरा. गणित आवडत असेल तर वाईट सौदा नाही.

माझं मत : मॅनेजमेंट कोटा सोडा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही सॉफ्टवेअर कंपन्या घेतात. नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, दाखल्यांवाचून माफी अडते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. विकास शुल्क, प्रवास आणि लॅपटॉपचा खर्च मात्र तुमच्याच खिशातून.